प्लास्टिकच्या आट्यांचे सांधे: पाणी कुठून गळतं आणि टेप कशी, किती, कुठे लावायची

नळजोड

टाकीखाली, टाइलमागे, गीझरच्या डोक्यावर, शेतातल्या फिल्टरजवळ. मी आजवर जी गळती पाहिली तिच्यात पाईप फुटल्याची उदाहरणं थोडी आणि आट्यांच्या सांध्याची ढीगभर. सोल्यूशन लावून चिकटवलेला जोड नीट केला असेल तर वर्षानुवर्षं बोलत नाही. आट्यांचा जोड मात्र दर वेळी वेगळा वागतो, आणि त्याबद्दल मराठीत सलग लिहिलेलं काही सापडत नाही म्हणून हा धागा.

आधी गळती का होते ते बघू. बाहेरचे आटे आणि आतले आटे कितीही घट्ट बसवले तरी एका आट्याचा माथा आणि समोरच्याचा तळ यांच्यात बारीक फट उरते. ही फट आट्यांबरोबर गोल फिरत थेट बाहेरपर्यंत पोचते. टेपचं, म्हणजे टेफ्लॉनच्या पातळ पट्टीचं, काम ही फट बुजवायचं आहे. जोर लावून फट बुजत नाही, आणि प्लास्टिकमध्ये तर जोर लावला की नवीनच दुखणं सुरू होतं.

आपल्याकडे पाण्याच्या फिटिंगला बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाईप) आटे असतात, आयएस ५५४ त्याच जातीचं भारतीय मानक. बाहेरचे आटे निमुळते असतात, १६ ला १ या उताराने. म्हणजे १६ मिमी आत गेलं की व्यास १ मिमीने वाढलेला. अर्धा इंची फिटिंगला इंचात १४ आटे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात सुमारे १.८ मिमी आत जाणं होतं आणि व्यास ०.११ मिमीने फुगतो. अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण २१ मिमी. हिशेब केला तर हाताने घट्ट झाल्यावर पान्याने दिलेला प्रत्येक पूर्ण फेरा सॉकेटला, म्हणजे आतून आटे असलेल्या तुकड्याला, अर्धा टक्का ताणायला बघतो. पितळ हे झेलतं. प्लास्टिक दोन फेरे सोसेल, चौथ्याला त्याच्या पोटात चीर पडायची तयारी झालेली असते. आणि ही चीर लगेच दिसत नाही. मिस्त्री पैसे घेऊन जातो, टेस्टिंगला थेंबही येत नाही, आणि सततच्या ताणाने काही आठवड्यांनी एखाद्या रात्री सॉकेट उभी तडकते.

म्हणून माझा नियम: हाताने जाईल तितकं घट्ट, मग पान्याने एक ते दीड फेरा. फार तर दोन. त्यात थांबत नसेल तर टेप चुकली आहे किंवा आटे जुळत नाहीत. उघडून परत करा.

टेप लावताना आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. साच्यातून निघालेल्या फिटिंगवर कधीकधी आट्यांना आडवी बारीक रेघ उभी राहिलेली असते, ती ब्लेडने अलगद काढून टाका. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून धरायचं आणि टेप घड्याळाच्या दिशेने फिरवायची, म्हणजे फिटिंग आवळताना ती गुंडाळत जाते, उलगडत नाही. तोंडाचा पहिला आटा मोकळा सोडायचा. तिथली टेप तुटून पाण्याबरोबर पुढे जाते आणि शॉवरच्या जाळीत किंवा वॉशिंग मशीनच्या गाळणीत अडकते. टेप थोडी ताणून लावायची, इतकी की खालचे आटे टेपमधून उठून दिसले पाहिजेत. प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवायचा. प्लास्टिकवर नेहमीच्या पातळ टेपचे तीन-चार वेढे पुरतात. शेवटी अंगठ्याने आट्यांच्या दिशेनेच दाबून घ्यायचं.

सगळ्यात महत्त्वाचं: बाहेरचे आटे प्लास्टिकचे आणि आतले धातूचे असतील तर चालतं, कारण प्लास्टिक दाबलं जातं आणि दाब ते सोसतं. उलटं, म्हणजे पितळेचा नळ साध्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये, हे टाळा. तिथे सगळा ताण सॉकेटच्या भिंतीवर येतो. नळ जिथे बसणार तिथे पितळी आट्यांचा एफटीए (एका टोकाला आतून आटे असलेला जोड) किंवा ब्रास एल्बोच घ्या. चार पैसे जास्त जातात, पण ती जागा टाइलच्या आत कायमची गाडली जाणार असते.

---

पाना_आणि_पक्कड

चांगलं लिहिलंय, पण एक बाजू राहिली. जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपच्या, जमान्यात आम्ही सुतळी आणि सफेदाच (पांढरा लेप) वापरला. डाय मारलेल्या आट्यांवर सुतळीचे पदर, वरून सफेदा, आणि पाईप पान्याने शेवटपर्यंत. ते जोड आजही चाळींमधून तसेच आहेत. टेपवाले जोड दोन वर्षांत रडतात. मग जुनं ते चुकीचं कसं म्हणायचं?

---

नळजोड

दादा, जीआयवर ते चुकीचं नाहीच. डायने कापलेले आटे खरखरीत असतात, सुतळीला धरायला जागा मिळते. सुतळी ओली झाली की फुगते आणि फट आपसूक बुजते. लोखंडाच्या सॉकेटला त्या फुगण्याचं काही वाटत नाही.

तेच प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये केलं तर सुतळी आतून दाबत राहते, महिनोन्महिने. आवळण्याचा ताण आहेच, त्यावर हा. आणि सफेदा जवसाच्या तेलात कालवलेला असतो. सीपीव्हीसीला (गरम पाण्यालाही चालणारं पाईपचं प्लास्टिक) वनस्पती तेलं चालत नाहीत. ताणाखाली असलेल्या सीपीव्हीसीला तेल लागत राहिलं की बारीक चिरा पडायला लागतात. जुन्या सफेद्यात शिशाचं संयुग असायचं हेही आहेच, पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर ते कशाला?

टेपवाले जोड दोन वर्षांत रडतात असं तुम्ही म्हणता ते मीही पाहिलंय. बहुतेक ठिकाणी टेप उलटी फिरवलेली असते, नाहीतर घट्ट झाल्यावर नळाचं तोंड सरळ करायला पाव फेरा मागे घेतलेला असतो. टेप एकदा दाबली गेली की परत उसळत नाही. मागे घेतलं की फट उघडी. नळ वाकडा राहत असेल तर पूर्ण उघडून एखाद-दुसरा वेढा वाढवायचा आणि पुढे जातच सरळ आणायचा.

---

पाना_आणि_पक्कड

मागे घेण्याचं बरोबर बोललात. पोरं तेच करतात, सांगून ऐकत नाहीत.

एक माझ्याकडून भर. क्रोमचे एक्स्टेन्शन निपल येतात ना, त्यांचे आटे इतके गुळगुळीत असतात की आवळताना टेप सरकून मागे गोळा होते. टेप लावायच्या आधी हॅक्सॉच्या ब्लेडने आट्यांच्या माथ्यावर हलके ओरखडे काढायचे. टेप जागेवर राहते. आतले आटे पितळी असतील तर आठ-दहा वेढे दिले तरी बिघडत नाही, नळांचे आटे हल्ली सैलच येतात. आणि ब्रास एल्बोमध्ये नळ आवळताना एल्बोला दुसऱ्या पान्याने धरा. नाहीतर पितळेचा तुकडा प्लास्टिकच्या आत फिरतो आणि मग गळती आट्यातून नाही, पितळ आणि प्लास्टिकच्या मधून येते. तिला टेप काही करू शकत नाही, एल्बोच बदलावा लागतो.

---

तिसरा_मजला

नळजोड, धागा वेळेवर आला. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीचा खालचा निपल गळतोय. सोसायटीने आणलेल्या माणसाने दोन वेळा भरपूर टेप गुंडाळून चेकनट आवळला, वरून एम-सीलही थापलं. चार दिवस बरं, मग परत भिंत ओली. टाकी भरली की जास्त, निम्म्यावर आली की थेंब बंद. टेप कमी पडते आहे का?

---

नळजोड

ताई, टेपचा तिथे संबंधच नाही. टाकीच्या निपलचे आटे निमुळते नसतात, सरळ असतात. ते फक्त चेकनट ओढून धरायला आहेत. पाणी अडवतो तो रबरी वॉशर. चेकनटखाली टेप गुंडाळली की उलट नट नीट बसत नाही आणि वॉशर एका बाजूने दाबला जातो.

टाकी रिकामी करून निपल काढायला सांगा. मग या गोष्टी तपासा. भोकाची कड: होल कटरने पाडलेलं भोक असेल तर कडेला प्लास्टिकच्या तुसा राहतात, त्या खरवडून हाताला गुळगुळीत लागेपर्यंत साफ करायच्या. तापवलेल्या सळईने पाडलेलं भोक असेल तर कडेला फुगवटा असतो आणि त्यावर वॉशर कधीच सपाट बसत नाही. वॉशर आतून, निपलच्या कॉलरखाली हवा, म्हणजे पाण्याचा दाबच त्याला भोकावर दाबतो. जागा: टाकीच्या गोल भिंतीत निपलसाठी सपाट केलेला भाग असतो, भोक तिथेच पाहिजे. वाकड्या भिंतीवर सपाट वॉशर दोन बाजूंना उचललेला राहतो. चेकनट हाताने घट्ट, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा. वॉशर कडेने जरासा फुगलेला दिसला की बस.

टाकी भरल्यावर जास्त गळतं म्हणालात, त्यात अजून एक इशारा आहे. भरलेली टाकी पोटाला थोडी फुगते आणि निपल बाहेर ढकलला जातो. पुढचा पाईप भिंतीला क्लॅम्पने जखडलेला असेल आणि व्हॉल्व्हचं वजन निपलवर लटकत असेल, तर निपल तिरका होतो आणि वॉशरची एक कड सुटते. व्हॉल्व्हखाली आधार द्या आणि टाकी ते पहिला क्लॅम्प यांच्यात थोडी लांब, एका एल्बोने वळवलेली लाइन ठेवा, म्हणजे हालचालीला वाव राहतो.

त्याच निपलच्या बाहेरच्या टोकाला मात्र पुढचा एफटीए किंवा व्हॉल्व्ह आट्यांवर बसतो. तिथे टेप लागते. एकाच तुकड्यावर एका जागी टेप हवी आणि दुसऱ्या जागी नको, म्हणून हा घोळ होतो.

कुठल्याही सांध्याला हात लावायच्या आधी मी हेच बघतो: हा आट्यांवर बंद होतो की वॉशरवर? युनियन, गीझरचा जाळीदार कनेक्शन पाईप, वॉशिंग मशीनचा पाईप, फ्लशच्या टाकीचा जोड, हे सगळे वॉशरवाले. यातलं काही गळत असेल तर वॉशर बदला, टेपचं रीळ खिशातच राहू द्या.

---

शिवारातून

शेतीची बाजू मांडतो. ठिबकच्या हेडवर आट्यांचे जोड घरापेक्षा जास्त. फिल्टर, प्रेशर गेज, एअर व्हॉल्व्ह, व्हेंच्युरी (पाण्याच्या ओढीने खत लाइनमध्ये खेचणारा तुकडा), बॉल व्हॉल्व्ह, सगळं प्लास्टिक आणि सगळं उन्हात. पाणी गळलं तर दिसतं तरी. आमच्याकडे खरा त्रास हवा ओढण्याचा असतो.

व्हेंच्युरी खत ओढत नाही अशी तक्रार द्राक्षाच्या हंगामात दर गावात ऐकू येते. लोक व्हेंच्युरी बदलतात, पंपाला दोष देतात. आधी पारदर्शक नळी नीट बघा. खताच्या पाण्यात बारीक बुडबुड्यांची माळ चालली असेल तर नळीच्या जोडातून किंवा आट्यातून हवा आत जाते आहे. दाब असलेल्या जागी सांधा बाहेर गळतो, ओढ असलेल्या जागी तोच सांधा आत गळतो, आणि बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो.

शोधायचा उपाय सोपा. दाढीच्या साबणाचा घट्ट फेस एकेका जोडावर लावायचा. जिथे हवा ओढली जाते तिथे फेसाला खळगा पडतो आणि तो आत गिळला जातो. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाच्या सक्शनला, फूट व्हॉल्व्हच्या (पाईपच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप) वरच्या जोडांनाही हेच करता येतं. पंप बंद केला की पाणी उतरतं आणि रोज बादलीने भरावं लागतं, तेव्हा फूट व्हॉल्व्हचं रबर चांगलं असेल तर दोष बहुतेक आट्यात असतो.

आणि बोअरच्या यूपीव्हीसी कॉलम पाईपला कोणी टेप लावू नये ही विनंती. त्यांचे आटे चौकोनी, जाड. पाणी सॉकेटमधली रबरी रिंग अडवते, आटे फक्त पंपाचं आणि पाण्याचं वजन पेलतात. टेप भरली तर पाईप शेवटपर्यंत बसत नाही आणि रिंग दाबली जात नाही. आटे ब्रशने झाडायचे, वाळूचा एक कणसुद्धा नको, रिंगला साबणाचं पाणी, बाकी काही नाही. ग्रीस तर अजिबात नको, रबर खराब होतं.

---

तिसरा_मजला

नळजोड, कालच टाकी रिकामी करून पाहिलं. वॉशर बाहेरच्या बाजूला होता, आत काहीच नव्हतं. भोकाची एक कड वर आलेली. साफ करून, नवीन वॉशर आतून लावून बसवलाय. टाकी भरून रात्रभर कोरडी होती. आधार अजून दिलेला नाही, विटांचा ओटा करून घेते.

---

हडसनपार

अमेरिकेतून लिहितोय. इकडे पाईपचे आटे एनपीटी, तिकडचे बीएसपी, आणि गोंधळ असा की अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हींना इंचाला १४ आटेच असतात. त्यामुळे एकमेकांत जातात, घट्टही वाटतात. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६० अंश. माथे आणि तळ जुळत नाहीत, फट मोठी राहते, आणि टेपचे कितीही थर दिले तरी जोड कधी ना कधी झिरपतो. १ इंचाला बीएसपीचे ११ आणि एनपीटीचे साडेअकरा, तिथे दोन-तीन फेऱ्यांतच अडकतं, निदान कळतं तरी. बागेच्या पाईपचे आटे तर तिसरेच, पाऊण इंचाला साडेअकरा, सरळ, आणि वॉशरवर बंद होणारे.

भारतात जाताना इथून शॉवर, फिल्टर किंवा स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह नेणाऱ्यांनी खोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. एनपीटी असेल तर दोन्ही आट्यांचा पितळी अडॅप्टर मिळतो, तो मध्ये टाका. थेट बीएसपीच्या सॉकेटमध्ये कोंबू नका.

इकडे पेस्टही खूप वापरतात. डब्यावर पीव्हीसी आणि सीपीव्हीसीसाठी चालते असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. धातूच्या आट्यांसाठी हवाबंद फटीत घट्ट होणारे जे लिक्विड सीलंट येतात ते प्लास्टिकवर नकोच. त्यांना घट्ट व्हायला धातू लागतो, आणि काही प्लास्टिकला ते चिरा पाडतात. टेपचं टेफ्लॉन कशाशीच भांडत नाही.

---

चुलीपासून_गीझरपर्यंत

गीझरच्या गरम लाइनबद्दल कोणीतरी सांगा. थंड पाण्याचा जोड कोरडा, गरमचा मात्र हिवाळ्यात थेंब थेंब गळतो. पाईप सीपीव्हीसीच आहे.

---

नळजोड

सीपीव्हीसी तापलं की पितळापेक्षा तिपटीहून जास्त पसरतं. गीझर रोज चालू-बंद होतो, लाइन रोज लांबते-आखडते. प्लास्टिकचे आटे पितळात असतील तर तापल्यावर मऊ होऊन दाबले जातात आणि थंड झाल्यावर थोडे सैल पडतात. हिवाळ्यात हा फरक जास्त, म्हणून थेंब तेव्हाच दिसतो. गरम लाइनवर प्लास्टिकचे आटे ठेवूच नका. भिंतीत ब्रास एफटीए, त्यात धातूचा अँगल कॉक टेप लावून, आणि तिथून गीझरपर्यंत जाळीचा कनेक्शन पाईप वॉशरवर. मग प्लास्टिकच्या वाट्याला फक्त चिकटवलेले जोड येतात.

चिकटवण्यावरून आठवलं. आट्यांना सोल्यूशन लावून बसवायची पद्धत फार पसरली आहे. करू नका. पितळाला सोल्यूशन चिकटतच नाही. प्लास्टिकवर ते आटे मऊ करतं, आवळताना ते घसरतात, आणि जोड पुन्हा उघडायची सोय संपते. एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) आधी पाईपला चिकटवला असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत आट्यांना पाना लावू नका. ओला जोड आत फिरला तर तिथूनच गळेल.

---

वाचकवेडा

वाचनखूण साठवली. भाऊ नवीन घर बांधतोय, त्याला लिंक पाठवली आहे.

---

पाना_आणि_पक्कड

भावाला एकच सांगा: टाइल लागायच्या आधी टेस्टिंग पंप लावून घ्या. सगळ्या पॉइंटला प्लग मारायचे, लाइन पाण्याने भरून हवा काढून टाकायची, आणि रोजच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काटा बघत बसायचं. नुसत्या गच्चीवरच्या टाकीचा दाब लावून पास करू नका. दहा मीटर उंचीला जेमतेम १ किलो दाब मिळतो, तेवढ्यात कच्चा जोडही गप्प बसतो. उद्या प्रेशर पंप बसवला की दोन-तीन किलो येणार आणि तेव्हा भिंत ओली होणार. प्लगलाही टेप लावा, पण तीन वेढेच. प्लास्टिकचा प्लग जास्त आवळून आतच तुटला तर दुसरा उद्योग होतो.

---

तिसरा_मजला

तो उद्योगच झालाय आमच्याकडे! टाकीचं काम करताना माणसाने जुन्या लाइनचा प्लास्टिकचा निपल पिळला आणि त्याचे आटे जीआयच्या सॉकेटमध्येच राहिले. फोडाफोड न करता निघेल का?

---

पाना_आणि_पक्कड

निघतो ताई. लाइनचा मेन कॉक बंद करून आतलं पाणी कापडाने टिपून घ्या. हॅक्सॉचं सुटं ब्लेड, एका टोकाला चिंधी गुंडाळून, निपलच्या भोकात घालायचं आणि प्लास्टिकला आतून बाहेर असा उभा काप द्यायचा. सॉकेटचे आटे हाताला लागायच्या जरासं आधी थांबायचं. ब्लेड लोखंडाला घासायला लागलं की आवाज बदलतो, त्यावर कान ठेवा. पहिल्या कापापासून बोटभर सोडून दुसरा काप. मग बारीक स्क्रूड्रायव्हर मधल्या पट्टीच्या मागे घालून ती आत ओढायची. ती पट्टी सुटली की उरलेला गोल सैल पडतो आणि पकडीने फिरवून बाहेर येतो. विजेचं मशीन किंवा गरम सळई वापरू देऊ नका, वितळलेलं प्लास्टिक आट्यात बसलं की नवीन निपल वाकडा जातो. शेवटी तारेच्या ब्रशने गंज आणि भुगा काढा. आटे झिजलेले दिसले तर अर्धा इंची बीएसपीचा टॅप (नळ नव्हे, आतले आटे पाडायचं हत्यार) एकदा फिरवून घ्या. आणि या वेळी तिथे निपल पितळेचा टाका.